बाळंतपणाच्या रजेनंतर काम ‘हलकं’ केलं आणि रेटिंग घसरलं, आता काय करावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यातल्या एका आयटी सर्व्हिस कंपनीत आहात, जावा बॅकएंडचा सहा वर्षांचा अनुभव आहे. २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपवून आलात तेव्हा तुमचं पेमेंट मॉड्यूल दुसऱ्याकडे गेलेलं होतं. मॅनेजर म्हणाला, ‘बाळ लहान आहे, सध्या हलकं काम घे.’ तेव्हापासून रिलीजचं कोऑर्डिनेशन, मीटिंगचे मिनिट्स (म्हणजे कामकाजाची टिपणं), नव्या मुलांचं इंडक्शन आणि ऑफिसच्या दिवाळी कार्यक्रमाची समिती हे सगळं तुमच्याकडे आहे. नऊ महिन्यांनी अप्रेझलमध्ये लिहून आलं: ‘टेक्निकल डेप्थ वाढवण्याची गरज.’ रेटिंग एका पायरीने खाली. आणि तुम्ही विचारताय, ‘मॅनेजर माणूस चांगला आहे, कधी वावगं बोलला नाही. मलाच जास्त वाटतंय का? की सरळ कंपनी बदलू?’

मी २३ वर्षं या क्षेत्रात आहे. पहिली नऊ वर्षं कोड लिहिला, मग टीम सांभाळल्या, आधी हिंजवडीत आणि आता खराडीत. ज्या मीटिंगमध्ये रेटिंग ठरतात तिथे बारा-तेरा वर्षं बसते आहे. म्हणून हे आतून कसं घडतं ते सांगू शकते.

तुम्हाला जास्त वाटत नाहीये. तुमच्या बाबतीत जे झालं ते मी इतक्या वेळा पाहिलं आहे की प्रश्नाचा पहिला परिच्छेद वाचतानाच शेवटचा काय असेल ते कळलं होतं. पण तुमच्या प्रश्नात एक गाठ आहे, ती आधी सोडवू. तुम्ही मॅनेजर चांगला की वाईट यावर अडकला आहात. तो चांगला आहे हे मी मान्य करते. ‘हलकं काम घे’ हे तो काळजीपोटीच म्हणाला असणार. पण भेदभाव व्हायला मनात खोट असावीच लागते असं नाही. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये रॉयटर्सने एक बातमी दिली होती. अमेझॉनने बायोडेटा चाळणारं एक सॉफ्टवेअर तयार केलं होतं आणि त्याला दहा वर्षांत आलेले जुने बायोडेटा शिकवले होते. ते बहुतेक पुरुषांचे. झालं असं की ज्या बायोडेटात ‘विमेन्स’ हा शब्द असेल, म्हणजे समजा एखाद्या महिला बुद्धिबळ संघाची कप्तान वगैरे, त्याचे गुण ते सॉफ्टवेअर कमी करू लागलं. कंपनीने शेवटी तो प्रकल्प बंद केला. त्या प्रोग्रामच्या मनात बायकांबद्दल काही नव्हतं, त्याला मनच नव्हतं. आधी जे घडत आलं ते त्याने पुढे चालवलं. तुमच्या मॅनेजरनेही तेच केलं. म्हणून त्याच्या स्वभावाचा विषय बाजूला ठेवा. खरा प्रश्न एवढाच आहे: टीममधलं कुठलं काम कुणाकडे जातं, आणि त्यातलं कुठलं काम रेटिंगच्या वेळी मोजलं जातं?

ते कसं मोजलं जातं ते सांगते, कारण हा भाग बाहेरच्यांना दिसत नाही.

मार्च महिना, काचेची मीटिंग रूम, सहा-सात मॅनेजर आणि एचआरची एक व्यक्ती. पडद्यावर एक्सेल शीट. साठ-सत्तर नावं आणि हाताशी दोन-अडीच तास. म्हणजे एका नावाला दोन मिनिटं. वरच्या रेटिंगच्या जागा आधीच ठरलेल्या असतात, त्यापेक्षा जास्त जणांना देता येत नाही. नाव आलं की त्या मॅनेजरने दोन वाक्यांत बाजू मांडायची. ‘याने सेटलमेंटचं मायग्रेशन एकहाती केलं. डिसेंबरच्या आउटेजला, सिस्टिम बंद पडली तेव्हा, रात्री दोनला उठून फिक्स दिला.’ सगळे माना डोलावतात, रेटिंग पक्कं. पुढचं नाव एका मुलीचं. ‘खूप सिन्सिअर आहे रे ती. टीमला धरून ठेवते. तिच्याशिवाय आमचं रिलीज हलत नाही.’ कुणीतरी विचारतं, ‘हो, पण तिने केलं काय?’ मॅनेजर स्क्रीनकडे बघतो. शीटमधला त्या नावापुढचा ‘की डिलिव्हरेबल्स’चा रकाना जवळपास रिकामा असतो. दोन मिनिटं संपतात. ‘मीट्स’ला (म्हणजे ‘अपेक्षेपुरतं काम’ या मधल्या रेटिंगला) टाका, पुढचं नाव.

या खोलीत कुणी बायकांविरुद्ध एक शब्दही काढलेला नसतो. ‘सिन्सिअर’ हा शब्द मी इतक्या मुलींच्या नावापुढे ऐकला आहे की आता तो कानावर आला की मी मॅनेजरला थांबवते आणि विचारते, गेल्या वर्षात हिला तू कुठलं काम दिलंस? म्हणजे तुमचं रेटिंग मार्चमध्ये घसरलं असं वाटत असलं तरी ते ठरलं होतं नऊ महिने आधी, ज्या दिवशी मॉड्यूल परत मिळालं नाही त्या दिवशी. ‘टेक्निकल डेप्थ’ दाखवायला टेक्निकल काम लागतं. ते काढून घेतलं आणि मग डेप्थ दिसत नाही असं लिहिलं.

तुम्ही लिहिलंय की मिनिट्स आणि दिवाळी समिती ‘मीच हो म्हणाले, चूक माझी.’ यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे. अर्थशास्त्रज्ञ लिंडा बॅबकॉक आणि तिच्या तीन सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१७ साली अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये आला. त्यात तिघातिघांचे गट केले होते. प्रत्येक गटाला दोन मिनिटं. कुणा एकाने बटण दाबलं तर बाकी दोघांना दोन-दोन डॉलर आणि दाबणाऱ्याला सव्वा डॉलर. कुणीच नाही दाबलं तर सगळ्यांना एकेकच. म्हणजे कुणीतरी दाबावं हे सगळ्यांनाच हवं, पण ते आपण नसावं. अगदी आपल्या मिनिट्ससारखं. मिश्र गटांत बायकांनी पुरुषांपेक्षा ४८ टक्के जास्त वेळा बटण दाबलं. आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग पाहा. फक्त पुरुषांचे गट केले तेव्हा पुरुषांनीही तेवढ्याच वेळा दाबलं. म्हणजे बायका मुळातच मदतीला पुढे आणि पुरुष मुळातच मागे, असं नाही. समोर बाई असली की ‘ती करेल’ हे सगळेच गृहीत धरतात, तीसुद्धा. पुढच्या प्रयोगात हे काम कुणाला सांगायचं ते एका व्यवस्थापकाने ठरवायचं होतं, तेव्हा बायकांना ४४ टक्के जास्त वेळा विचारणा झाली. आणि विचारलं की बायकांनी ७६ टक्के वेळा होकार दिला, पुरुषांनी ५१ टक्के वेळा.

तेव्हा ‘चूक माझी’ हे मनातून काढून टाका. तुम्ही नाही म्हणायला शिकलं पाहिजे हे अर्धंच खरं आहे. विचारणाऱ्याने दर वेळी तुमच्याकडेच बघणं थांबवायला हवं हे उरलेलं अर्धं.

एक माझ्याकडून झालेलं सांगते, कारण त्याशिवाय मला हा सल्ला द्यायचा हक्क नाही. बारा-चौदा वर्षांपूर्वी माझ्या टीममध्ये डेटाबेसचं काम करणारी एक मुलगी होती. एखादी क्वेरी पाच मिनिटं अडकली की सगळे तिच्या डेस्कपाशी उभे राहायचे. ती रजेवरून परत आली, तेव्हा माझा मुलगा चार वर्षांचा होता. मला वाटलं, हिला काय हवंय ते मला नाही कळणार तर कुणाला? मी तिचं नाव ऑन-कॉलच्या रोस्टरमधून, म्हणजे अवेळी बिघाड झाला तर कुणी धावायचं त्या यादीतून, काढलं, ट्यूनिंगचं काम एका नव्या मुलाला दिलं आणि तिला रिपोर्ट्स दिले. तिला विचारलं नाही. सात महिन्यांनी तिने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी आम्ही कॅफेटेरियात बसलो होतो, तिने डबा उघडलाही नव्हता. ती म्हणाली, ‘मला विचारलं असतंस तर मी ऑन-कॉलसुद्धा घेतला असता. आई वर्षभर आमच्याकडेच राहायला आली होती. तू विचारलंच नाहीस.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या घरचं मी स्वतःच्या घरावरून ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून रजेवरून कुणीही आलं, बाई असो की अपघातानंतर परतलेला पुरुष, पहिल्या आठवड्यात मी तीनच गोष्टी विचारते: आधीचं काम परत हवंय का, कुठल्या वेळा अडचणीच्या आहेत, आणि हे पुन्हा कधी बोलायचं. तिसऱ्या प्रश्नाची तारीख कॅलेंडरवर टाकते. ‘सध्या’ हा शब्द तारखेशिवाय वापरला की तो कायमचा होतो.

आता तुमच्या परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते पाहू, कारण सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही.

तुम्ही सर्व्हिस कंपनीत आहात, तेव्हा जागा बिलिंगला, म्हणजे क्लायंट कुणाच्या कामाचे पैसे देतो त्याला, बांधलेली असते. तुम्ही रजेवर गेलात तेव्हा क्लायंटला बदली माणूस दिला, सहा महिन्यांत क्लायंटला त्याची सवय झाली. तुम्ही परत आल्यावर त्याला काढून तुम्हाला बसवायचं तर क्लायंटशी बोलावं लागतं, आणि ते बोलणं कुणालाच नको असतं. तुमचा मॅनेजर हे उघड बोलणार नाही, पण ‘हलकं काम’ यामागे बऱ्याचदा हे कारण असतं. तसं असेल तर तेच मॉड्यूल परत मागण्यापेक्षा तितक्याच वजनाचं दुसरं मागणं सोपं जाईल. प्रॉडक्ट कंपनी असती तर मी वेगळं सांगितलं असतं.

सहा महिन्यांत कोड किती बदलला हेही प्रामाणिकपणे तपासा. फ्रेमवर्कची आवृत्ती बदलली असेल, एखादी सर्व्हिस वेगळी काढली असेल, तर थोडी तफावत खरीच असते. पण ती दोन-तीन आठवड्यांच्या केटीने, म्हणजे काम समजावून दिल्याने, भरून निघते. ऑनसाइटहून दोन वर्षांनी परतलेल्या मुलाला आपण केटी देतोच ना? त्याला कुणी मिनिट्स लिहायला बसवत नाही. तुमच्या कंपनीत लांब रजा घेतलेल्या किंवा दुसऱ्या प्रोजेक्टवरून आलेल्या पुरुषांना परत आल्यावर काय काम मिळालं, ते आठवून बघा. तुमच्या शंकेचं उत्तर तिथेच मिळेल.

आणि तुम्हाला खरंच काय हवंय? काही महिने हलकं काम हवं असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. फक्त ते तुम्ही मागितलेलं असावं, लेखी असावं आणि त्याला शेवट असावा. तुमच्या लिहिण्यावरून मला वाटतं की तुम्हाला कोड लिहायचा आहे. तसं धरून पुढचं सांगते.

एक रविवार काढा. गेल्या नऊ महिन्यांचं कॅलेंडर, जिरा (कामांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) आणि पाठवलेले मेल उघडा आणि केलेली सगळी कामं कागदावर उतरवा. दोन रकाने करा. एकात कोड, डिझाइन, रिव्ह्यू, प्रॉडक्शनचे प्रॉब्लेम. दुसऱ्यात या कामांच्या भोवतीचं सगळं. दुसरा रकाना लांबलचक होईल, बघून वाईट वाटेल, पण तो तुमचा मुख्य पुरावा आहे. आणि त्यातच थोडं खणलं की पहिल्या रकान्यात जाणारं काहीतरी सापडतं. रिलीज कोऑर्डिनेशन करताना डेटाबेस स्क्रिप्टचा क्रम उलटा आहे हे तुम्ही पकडलंत आणि रोलबॅक, म्हणजे रिलीज मागे घेणं, टळलं, असं कधी झालं असेल. ते ‘कोऑर्डिनेशन’ नव्हे. ते ‘स्क्रिप्टमधली चूक शोधून प्रॉडक्शनचा रोलबॅक टाळला’ असं लिहायचं, तारखेसह. मुली ही गोष्ट ‘मी फक्त बघितलं होतं’ म्हणून सोडून देतात, हे मी दर वर्षी सेल्फ-अप्रेझल वाचताना बघते.

मग मॅनेजरकडे अर्धा तास मागा. तिथे सुरुवात ‘माझ्यावर अन्याय झाला’ अशी करू नका. झालाय, पण तसं म्हटलंत की तो पूर्ण अर्धा तास आपण किती चांगले आहोत हे सांगण्यात घालवेल आणि शेवटी तुम्हीच त्याची समजूत काढाल. कामाबद्दल बोला. ‘रिव्ह्यूमध्ये टेक्निकल डेप्थ कमी असं आलंय. गेल्या नऊ महिन्यांत माझ्याकडे कुठली कामं होती त्याची ही यादी. यात डेप्थ दाखवता येईल असं काम कोणतं होतं?’ एवढा एक प्रश्न विचारा आणि त्याला उत्तर देऊ द्या. नंतर तुमची मागणी: एक ठरावीक मॉड्यूल किंवा सर्व्हिस, डिझाइनपासून प्रॉडक्शनपर्यंत माझ्या नावावर, अमुक स्प्रिंटपासून, म्हणजे कामाच्या अमुक टप्प्यापासून. कोऑर्डिनेशन आणि मिनिट्स अमुक तारखेपासून टीममध्ये फिरते ठेवू.

बोलणं झालं की त्याच दिवशी मेल. तो इंग्रजीत जाईल, आशय एवढाच ठेवा: ‘आज बोलल्याप्रमाणे, मी अमुक तारखेपासून रिकन्सिलिएशन सर्व्हिसचं काम घेत आहे. दोन आठवडे केटी. मिनिट्स पुढच्या महिन्यापासून आळीपाळीने. सहा आठवड्यांनी आढावा घेऊ. माझ्याकडून काही सुटलं असेल तर कळवा.’ तक्रारीचा सूर नाही, आभाराची लांबण नाही. या मेलमुळे तोंडी ‘बघू’ला तारीख मिळते. मी स्वतः असे मेल आल्यावर काम हललेलं पाहिलंय, कारण मॅनेजरला हे लिहिलेलं कुणीतरी पुढे वाचेल हे कळतं.

काय उत्तरं येतील तेही सांगते. ‘सध्या जागा नाही’ म्हणाला तर विचारा, पुढची जागा कधी आणि तिच्यासाठी माझं नाव पहिलं आहे का. ‘क्लायंट तयार होणार नाही’ म्हणाला तर म्हणा, क्लायंटच्या पुढच्या डिझाइन कॉलमध्ये मला बसू द्या, ओळख होऊ द्या. ‘तुला झेपेल का, घरी बाळ आहे’ हे आलं की गडबडून स्पष्टीकरणं देऊ नका. सासूबाई आहेत, बाई लावली आहे, नवरा लवकर येतो, यातलं काहीही सांगायला तुम्ही बांधील नाही. ‘त्याची व्यवस्था मी केली आहे, कामाचं बोलूया’ एवढं पुरे.

ऑन-कॉलचं मात्र आधीच ठरवून जा. आपल्याकडे रात्रीचा आउटेज निस्तरणं हे रेटिंगच्या खोलीत फार मोठं मानलं जातं. ते तितकं मोठं मानावं का हा वेगळा विषय आहे. माझ्या मते नाही. आउटेज होऊच नये म्हणून तीन महिने टेस्ट लिहिणारीचं नाव त्या खोलीत कुणी घेत नाही, हे मला कायम खुपत आलं आहे. पण आज नियम तो आहे. रोस्टरमधून पूर्ण बाहेर पडण्यापेक्षा जमेल तेवढंच घ्या: दर आठवड्याऐवजी महिन्यातला एक आठवडा, किंवा पहाटेची पाळी घरून. रोस्टरवर नाव असणं आणि नसणं यात फार फरक पडतो.

आता कायद्याचं, कारण तुम्ही ओझरतं विचारलंय. मातृत्व लाभ कायदा १९६१चा, २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ची २६ आठवडे झाली. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजायला दिवसात दोन वेळा सुट्टी मिळते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि तिने १९६१च्या कायद्याची जागा घेतली; या तरतुदी आता तिच्यात आहेत. तुमच्यासाठी महत्त्वाचा भाग हा, की रजेच्या काळात किंवा रजेमुळे नोकरीवरून काढणं आणि सेवेच्या अटी बाईचं नुकसान होईल अशा बदलणं बेकायदेशीर आहे. पगार कमी केला, पद खाली आणलं, तर ते सरळ यात बसतं. मॉड्यूल बदलणं आणि रेटिंग यात बसवणं अवघड असतं, तिथे वकिलाचा सल्ला घ्यावा लागेल. म्हणूनच कागदपत्रं आत्तापासून जपा. रजेच्या आधीचं रेटिंग, तेव्हाची कामाची यादी, परत आल्यावरची यादी, मेल.

बऱ्याच जणी अशा वेळी ‘पॉश’ समितीकडे जाऊ का विचारतात. २०१३च्या कायद्याखालची अंतर्गत समिती ही लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी आहे. तसं काही घडलं असेल तर तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करा, अजिबात मागे राहू नका. पण रेटिंगची तक्रार एचआरकडे आणि मॅनेजरच्या वरच्याकडे जाते. बहुतेक कंपन्यांत रिव्ह्यू मान्य नसल्याचं नोंदवायला थोडे दिवस दिलेले असतात. ती मुदत संपली नसेल तर यादी जोडून ‘मान्य नाही’ नोंदवा. रेटिंग बदलेलच असं नाही. पण पुढच्या वर्षी त्या शीटमध्ये तुमच्या नावाला शेरा असेल आणि कुणीतरी थांबून वाचेल.

हे उत्तर मॅनेजर मंडळीही वाचतील, त्यांच्याशी दोन शब्द. नॅसकॉम ही आयटी कंपन्यांची संघटना सांगते की आपल्या उद्योगात सुमारे ३६ टक्के बायका आहेत. कॅम्पसमधून आलेल्या बॅचचा फोटो बघितला तर आकडा पटतो. आर्किटेक्ट आणि डिलिव्हरी हेडच्या मीटिंगमध्ये बसलं की पटत नाही. त्या मधल्या गळतीतली बरीचशी रजेनंतरच्या पहिल्या वर्षातली आहे, आणि ती तुमच्या-माझ्या हातात आहे. जितके महिने काम केलं तितक्याच महिन्यांवर रेटिंग द्या. सहा महिन्यांच्या कामाची बारा महिन्यांच्या कामाशी तुलना करू नका. मिनिट्स आडनावाच्या क्रमाने फिरवा, मी २०१५ पासून तसं करते आणि त्याला वर्षाला एकूण दहा मिनिटंही डोकं लागत नाही. रिव्ह्यू लिहून झाला की त्यातलं मुलीचं नाव काढून मुलाचं घाला आणि पुन्हा वाचा. २०१४ साली किएरन स्नायडर यांनी टेक कंपन्यांतली २४८ मूल्यमापनं तपासली होती. ‘अब्रेझिव्ह’, म्हणजे खरखरीत स्वभावाची, हा शब्द बायकांच्या मूल्यमापनात पुन्हा पुन्हा आला होता आणि पुरुषांच्या एकाही नाही. आपल्याकडे तो ‘जरा अ‍ॅग्रेसिव्ह आहे’ किंवा ‘टीममध्ये मिसळत नाही’ म्हणून येतो. ‘सिन्सिअर’ ही त्याचीच दुसरी बाजू.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या मॅनेजरच्या हातात नाही. आपल्या पगाराच्या पातळीवर बाळंतपणाच्या रजेचा सगळा खर्च एकट्या कंपनीवर पडतो, आणि खासगी क्षेत्रात वडिलांना रजा देणं कायद्याने बंधनकारक नाही. त्यामुळे ‘बाई घेतली तर सहा महिन्यांचा खर्च’ हे गणित मुलाखत घेणाऱ्यांच्या डोक्यात बसतं. माझ्या टीममधल्या मुलांना मी पितृत्व रजा पूर्ण घ्यायला लावते. दोन-तीन जणांनी घेतली की रोस्टर आखताना ‘बाळ झालं की बाई जाते’ असं कुणी गृहीत धरत नाही.

कंपनी बदलावी का? आज लगेच नाही, आणि कारण व्यवहाराचं आहे. बायोडेटातले शेवटचे नऊ महिने आज कोऑर्डिनेशनचे दिसतात. नवी कंपनी तुम्हाला त्याच कामासाठी घेईल आणि ‘टेक्निकल’ हा शिक्का परत मिळवायला आणखी दोन वर्षं जातील. आधी तीन-चार महिने कोडमध्ये परत या. याच प्रोजेक्टमध्ये नाही मिळालं तर कंपनीतल्याच दुसऱ्या अकाउंटमध्ये बदली मागा, नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडपेक्षा ते सोपं असतं. सहा आठवड्यांच्या आढाव्यात काही हललं नाही, वरच्याकडे जाऊनही ‘बघू’च आलं, तर मग मन घट्ट करून बाहेर बघा. तोवर रात्री बाळ झोपल्यावर अर्धा तास का होईना, कोडला हात लावत राहा. मुलाखतीत रजेबद्दल विचारलं तर ‘२६ आठवड्यांची मातृत्व रजा’ एवढंच सांगा आणि पुढच्या वाक्यात सध्या करत असलेल्या कामावर या.

दिवाळीची समिती अर्धवट सोडू नका, कार्यक्रम झाला की रीतसर दुसऱ्याकडे द्या. मिनिट्स मात्र आत्ताच सुटू शकतात. सोमवारच्या मीटिंगमध्ये सवयीने सगळे तुमच्याकडे बघतील. वही उघडू नका. ‘या आठवड्यात मिनिट्स कोण घेतंय?’ असं साध्या आवाजात विचारा आणि थांबा. वर सांगितलेल्या प्रयोगातही बहुतेक बटणं वेळ संपता संपता, शेवटच्या क्षणांत दाबली गेली होती. तुमच्या खोलीतही दहा-पंधरा सेकंद कुणी बोलणार नाही, आणि ते सेकंद फार लांब वाटतील. तेवढे जाऊ द्या. कुणीतरी लॅपटॉप पुढे ओढतं.